विश्वास, प्रीती आणि कृती यांचा मेळ: याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायावरून काही विचार

मोगरा_दौंड (धागाकर्ती)

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) बायबल अभ्यासात सध्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय चालू आहे आणि चर्चा दर वेळी एकाच ठिकाणी येऊन अडते: माणसाचे तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासाने होते की कृतीने? एक गट प्रेषित पौलाची रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेली पत्रे उघडतो, दुसरा याकोबाचे पत्र उघडतो, आणि प्रार्थना करून सगळे घरी जातात. हा प्रश्न असा दोन टोकांत मांडला की त्यातून प्रीती गळून पडते, आणि प्रीती गळाली की उरलेल्या दोहोंचा मेळ कितीही वाद घातला तरी बसत नाही, असे मला मनापासून वाटते. म्हणून हा धागा.

पौलाला कृतीचे वावडे होते असे म्हणणाऱ्यांनी गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील सहावे वचन पुन्हा वाचावे. सुंता झाली काय किंवा न झाली काय, महत्त्व आहे ते प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाला, असे तो तेथे सांगतो. ज्या पत्रात तो नियमशास्त्राच्या (मोशेच्या धर्मनियमांच्या) कर्मांवर सर्वांत तीव्रपणे लिहितो, त्याच पत्रात हे वचन आहे. थेस्सलनीकाकरांना लिहिलेले पहिले पत्र तर त्याच्या अगदी आरंभीच्या पत्रांपैकी आहे. त्यात मंडळीची आठवण काढताना तो त्यांच्या विश्वासाच्या कामाचा, प्रीतीच्या श्रमांचा आणि आशेच्या धीराचा एकाच दमात उल्लेख करतो. काम आणि श्रम हे शब्द त्याला विश्वास आणि प्रीती यांच्या शेजारी ठेवताना कसलाही संकोच वाटलेला नाही.

याकोबाविषयीही एक गोष्ट आपल्याकडून निसटते. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे हे वाक्य आपण सुटे काढून पाठ करतो. पण तो अध्याय सुरू होतो तो सभेतल्या बसण्याच्या जागेपासून. सोन्याची अंगठी घातलेला, उंची वस्त्रे ल्यालेला माणूस आला की त्याला मानाची जागा, आणि मळक्या कपड्यांतला गरीब आला की त्याला उभे राहायला किंवा पायाशी बसायला सांगायचे, हा भेदभाव याकोब प्रथम समोर ठेवतो. मग शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा येते. त्यानंतर उघडा आणि उपाशी भाऊ किंवा बहीण येते, जिला कोणीतरी सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव, असे नुसते तोंडाने सांगतो. निर्जीव विश्वासाचे वचन या सगळ्यानंतर आहे. म्हणजे याकोबाचा विषय तारणाचा हिशेब नसून माणसाकडे पाहण्याची दृष्टी आहे, आणि ती दृष्टी प्रीतीशिवाय मिळत नाही.

आता उदाहरण. आमच्या तालुक्यातले केडगाव पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे, म्हणजे निराधार स्त्रियांसाठीच्या आश्रमामुळे, सर्वांना ठाऊक आहे. रमाबाईंच्या आयुष्यात या तीन गोष्टी ज्या क्रमाने आल्या तो क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण प्रवचनांत आपण जो क्रम ऐकतो, म्हणजे आधी विश्वास, मग प्रीती आणि शेवटी कृती, तो त्यांच्या बाबतीत जुळत नाही. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील धर्मभगिनींकडे राहिल्या. त्या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी काम चालत असे. ते रमाबाईंनी पाहिले. ज्या स्त्रियांना कोणी उंबरठ्यावर उभे करत नाही त्यांची इतक्या मायेने सेवा करायला या बायकांना काय प्रवृत्त करते, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय, म्हणजे शोमरोनी स्त्रीची आणि येशूची विहिरीवरची भेट, वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. दुसऱ्यांच्या प्रीतीची कृती त्यांनी आधी पाहिली आणि तिच्यामागचा ख्रिस्त त्यांना नंतर दिसला.

कथा येथे संपत नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला काय उमगले ते त्यांनी स्वतः आपल्या साक्षीत सांगितले आहे: ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. तोवर त्यांचे शारदा सदन सुरू झाले होते आणि बालविधवा तेथे शिकत होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला कसलीच उणीव दिसली नसती, तरीही त्यांना आत काहीतरी रिते वाटत होते. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या आणि केडगावच्या माळावर त्यांना आसरा दिला. स्वतःचे आईवडील आणि बहीण त्यांनी तरुणपणी दुष्काळातच गमावले होते, हे ध्यानात घेतले की त्या प्रवासाचे मोल कळते.

कृतीने विश्वासाकडे नेले, त्या विश्वासाने रितेपण दाखवले, आणि ते भरल्यावर कृती कितीतरी पटींनी वाढली. आपल्या मंडळ्यांमध्ये हा प्रवाह कोठे अडतो, यावर सर्वांनी लिहावे अशी विनंती आहे.

जुना_पाळक

मोगराताई, आपण विषय योग्य ठिकाणी आणला आहे. एक सावधगिरीची सूचना मात्र करावीशी वाटते. मी अनेक वर्षे खेड्यांतील मंडळ्यांची पाळकी केली आहे, आणि कृतीवर भर दिला की भोळ्या माणसाच्या मनात लगेच जमाखर्चाची वही उघडते हे मी पाहिले आहे. इतकी वर्गणी दिली, इतक्या उपासनांना आलो, इतक्या आजाऱ्यांना भेटलो, तेव्हा देवाने आता माझे एवढे काम करावे, असा तो हिशेब असतो. म्हणून इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय आठव्या वचनापासून दहाव्यापर्यंत सलग वाचला पाहिजे. कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण झाले आहे, ते देवाचे दान आहे, कोणी बढाई मारू नये, एवढे सांगून पौल थांबत नाही. देवाने आधीच योजून ठेवलेली सत्कृत्ये करीत चालावे म्हणून आपण ख्रिस्त येशूत निर्माण झालो आहोत, हे तो लगेच जोडतो. आपण बहुतेक वेळा नवव्या वचनावर पुस्तक मिटतो.

अब्राहामाचा प्रश्नही आपल्या अभ्यासात येणारच, कारण पौल आणि याकोब दोघेही त्याचाच दाखला देतात आणि वरवर पाहता उलट निष्कर्ष काढतात. पौल प्रामुख्याने बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवतो, जेथे अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या बाजूने नीतिमत्त्व असा गणला गेला. याकोब हेच वचन घेतो, पण ते इसहाकाला वेदीवर ठेवण्याच्या प्रसंगाला, म्हणजे बाविसाव्या अध्यायाला जोडून वाचतो आणि तेथे ते पूर्ण झाले असे म्हणतो. दोन्ही प्रसंगांत अनेक वर्षांचे अंतर आहे. एक जण मुळाविषयी बोलतो आहे, दुसरा त्या विश्वासाच्या परिपक्वतेविषयी. यात विरोध मला कधीच दिसला नाही.

प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रवर्तक मार्टिन लूथर याचे नाव घेऊन कृतीला हिणवणाऱ्यांसाठी आणखी एक. 1522 मध्ये नव्या कराराच्या आपल्या जर्मन भाषांतराला लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला गवताचे पत्र म्हटले, हे खरे आहे. परंतु रोमकरांस पत्राला लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यानेच विश्वासाला जिवंत, उद्योगी, सतत कामात असलेली गोष्ट म्हटले आहे, आणि अग्नीपासून उष्णता व प्रकाश वेगळे काढता येत नाहीत तशी विश्वासापासून कृती वेगळी काढता येत नाही, असा दाखला दिला आहे. पहिले वाक्य सर्वांना पाठ असते. दुसरे फार थोड्यांनी वाचलेले असते.

उमराळ्याचा_वाचक

मी वसईचा, कॅथोलिक. हा वाद प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या आत जितका आहे तितकाच आपल्या दोन परंपरांमध्येही शतकानुशतके होता, म्हणून थोडे लिहितो. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1547 मध्ये देव माणसाला नीतिमान कसा ठरवतो याविषयी जो निर्णय दिला, त्यात मोगराताईंनी उल्लेखलेले गलतीकरांचे तेच वचन आणि याकोबाचेही वचन शेजारी शेजारी घेतलेले आहे. आशा आणि प्रीती यांची जोड नसलेला विश्वास माणसाला ख्रिस्ताशी पूर्णपणे एकरूप करत नाही, असा त्याचा आशय आहे. पुढे 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथोलिक ख्रिस्तसभा आणि जागतिक लुथरन महासंघ यांनी याच विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आपला स्वीकार करतो, आणि पवित्र आत्मा आपली अंतःकरणे नवी करून आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, हे दोघांनी मिळून मान्य केले. 2006 मध्ये मेथडिस्ट मंडळ्याही त्यात सामील झाल्या. म्हणजे आपल्या अभ्यासगटात जो वाद अजून रंगतो, त्याच्या गाभ्यावर मोठ्या मंडळ्यांचे एकमत झालेले आहे. ही बातमी गावोगावच्या व्यासपीठांवरून सांगितली गेली नाही याचे मला वाईट वाटते.

आमच्याकडचे उदाहरण द्यायचे तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. ते धर्मगुरू होते, लेखक होते, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते, आणि वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामांचे आक्रमण सुरू झाले तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात उभे राहिले. पाणी, शेती, वाड्या हे धर्मगुरूचे विषय नव्हेत, असे तेव्हा म्हणणारे होते. ज्या माणसांना आपण मिस्सामध्ये (कॅथोलिक उपासनेत) शांती देतो त्यांच्या विहिरी आटत असताना गप्प राहणे ही कसली शांती, असे माझ्यासारख्यांना तेव्हापासून वाटत आले आहे. प्रीती ही व्यक्तीपुरती ठेवली आणि अन्यायाच्या व्यवस्थेला हात लावला नाही, तर ती अर्धीच राहते.

प्रश्नार्थी

मी ख्रिस्ती नाही, पण हा धागा आस्थेने वाचतो आहे आणि एक प्रश्न मोकळेपणाने विचारतो. सेवा करणाऱ्याच्या मनात समोरच्याने आपला धर्म स्वीकारावा अशी इच्छा असेल, तर त्या सेवेला प्रीती म्हणावे काय? रमाबाईंच्या शारदा सदनाविषयी हाच वाद पुण्यात झाला होता.

मोगरा_दौंड (धागाकर्ती)

प्रश्नार्थी, आपण विचारलेत हे चांगले केलेत. हा प्रश्न टाळून या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही.

शारदा सदन 11 मार्च 1889 रोजी मुंबईत उघडले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन रमाबाईंनी दिले होते. शाळेत धर्मशिक्षण नव्हते. मात्र त्या स्वतःची प्रार्थना दार बंद करून करीत नसत, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. यावरून 1893 मध्ये वादळ उठले, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार समितीतून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती समजण्यासारखी होती असे मी मानते. आपल्या मुलीविषयी आपल्यालाही तसेच वाटले असते. पण त्याच सदनात सर्वांत आधी दाखल झालेली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी होती, जिने 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि पुढे आनंदीबाई म्हणून ओळखली गेली. ती हिंदूच राहिली. कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला, आणि महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा एक मोठा प्रवाह तेथून वाहिला. शारदा सदनात गोदूबाईंना मिळालेले शिक्षण त्यांच्या बाप्तिस्म्यावर अवलंबून नव्हते.

आता आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर. ख्रिस्ती माणसाला ख्रिस्त इतरांना कळावा असे वाटणारच. तसे वाटत नाही असे मी म्हटले तर ते खोटे होईल. पण सेवेला अट घातली की ती प्रीती राहत नाही, व्यवहार होतो. लूकच्या शुभवर्तमानातील सतराव्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरे करतो आणि त्यांतला एकच परत येऊन देवाचा गौरव करतो. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे येशू विचारतो, कारण त्याला ते दुखते. तरी त्या नऊ जणांचे बरे होणे तो काढून घेत नाही. माझ्यासाठी मोजमाप तेच आहे. समोरचा आपल्याकडे कधीच वळणार नाही हे पक्के कळल्यावरही जी सेवा तितक्याच मायेने चालू राहते, ती प्रीती. जेथे धान्याच्या पोत्यासोबत नावनोंदणीची वही येते तेथे आपल्या माणसांनी ठामपणे नाही म्हटले पाहिजे, आणि हे आपणच म्हटले पाहिजे.

प्रश्नार्थी

उत्तर पटले. सगळे नाही, पण नऊ जणांविषयीचे नक्कीच. आभारी आहे.

सीना_काठ

मी नगर जिल्ह्यातला, आता अहिल्यानगर. जामखेडचा उल्लेख अजून झाला नाही म्हणून लिहितो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य 1970 मध्ये जामखेडला आले. मोठे इस्पितळ बांधून रुग्णांची वाट पाहत बसणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या आणि कित्येक दलित वस्तीतल्या होत्या, आणि त्यांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, लहान मुलांचे वजन, जुलाबात द्यायचे मीठसाखरेचे पाणी, कुष्ठरोगाची पहिली खूण, हे सारे त्या बायका शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला त्यातली एक गोष्ट याकोबाच्या पहिल्या वचनांशी जोडावीशी वाटते. पाण्यासाठी बोअर घेताना त्यांपैकी काही मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या गेल्या, म्हणजे पाण्यासाठी सवर्णांना तेथे यावे लागले. जेथे पूर्वी सावलीही चालत नव्हती तेथे घागरींची रांग लागली. भेदभाव पाप आहे असे प्रवचन कोणी दिले असते तर गावाने ऐकून सोडून दिले असते. बोअर कोठे घ्यायची, हा निर्णय प्रवचनापेक्षा खोल गेला, आणि तो निर्णय घेणाऱ्यांचा विश्वास त्यातच होता. त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांत हिंदू, मुसलमान, बौद्ध सगळेच होते.

अभंग_नाशिक

सीना_काठ यांनी जातीचा विषय काढला आहे, तर तो घराच्या आतही नेऊ या. पश्चिम महाराष्ट्रातील आणि मराठवाड्यातील आपल्या बहुतेक मंडळ्या ज्या समाजांतून उभ्या राहिल्या त्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले होते. येशूच्या मेजावर एका पंक्तीला बसायला मिळाले, याचे त्या पूर्वजांना किती मोल वाटले असेल याची कल्पनाही आज आपल्याला करवत नाही. आणि तरीही आज ख्रिस्ती वधूवर सूचक यादीत मूळ जात विचारली जाते. प्रभुभोजनाला एका प्याल्यातून पिणारे दोन कुटुंबप्रमुख मुलामुलीच्या लग्नाच्या वेळी पूर्वजांच्या जातीवरून मागे फिरलेले मी पाहिले आहेत, आणि ती सर्व माणसे रविवार न चुकवणारी, दशांश देणारी होती.

त्यांचा विश्वास खोटा होता असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्याकडे कृतीही होती. त्या दोहोंच्या मध्ये जी प्रीती हवी ती नव्हती, आणि म्हणून मोगराताईंचे पहिले वाक्य मला पटले. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल डोंगर हलवणारा विश्वासही प्रीतीवाचून व्यर्थ ठरवतो आणि सर्व संपत्ती गरिबांना वाटून टाकण्याची कृतीही. आपण तो अध्याय लग्नात वाचतो. ज्या लग्नाला जातीमुळे नकार मिळाला त्या घरी जाऊन तो वाचायला हवा.

जुना_पाळक

अभंग, आपले शेवटचे वाक्य मी पाळकांच्या पुढील बैठकीत मांडणार आहे. यावर पाळकांनीच आधी बोलले पाहिजे, कारण ज्या मंडळीत पाळक विवाह ठरवताना मध्यस्थ असतो तेथे त्याचे मौनही उत्तर ठरते.

निवृत्त_परिचारिका_मिरज

सर्वांचे लिखाण वाचले. मी आयुष्यभर रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केले आणि या विषयाची एक बाजू येथे आलेली नाही, ती सांगते. प्रीतीने सुरू केलेली कृतीही थकते. रात्रपाळीच्या शेवटी, वॉर्ड भरलेला असताना, त्याच रुग्णाने पुन्हा हाक मारली की मनात प्रीती नसते, फक्त कर्तव्य असते, आणि कधी कधी राग असतो. तरुण मुली मला विचारत, सिस्टर, मनात माया नसताना केलेली शुश्रूषा देवाला चालते का? आताच्या चर्चेतून कोणाला असे वाटू शकते की मायेची ऊब जाणवत नसेल तर त्या कामाला अर्थ नाही, म्हणून हे लिहिते.

मी त्यांना सांगत असे की प्रीती ही मनाची लहर असती तर येशूने तिची आज्ञा केली नसती. लहरीची आज्ञा करता येत नाही. राग आलेला असतानाही हात हळुवार ठेवणे, चादर नीट करणे, आवाज न चढवणे, ही प्रीतीच आहे, जरी त्या घटकेला ती आपल्याला जाणवत नसली तरी. कोरड्या दिवसांत विश्वासाचे काम तेवढेच असते की तुम्ही पुन्हा त्या खाटेपाशी जाता.

पण याच्या आड लपून माणसांना राबवून घेणेही चुकीचे आहे. माझ्या पाहण्यात एका संस्थेत सेवाभावाच्या नावाखाली मुलींना सुट्टी नाकारली जाई, आणि थकलेली मुलगी प्रार्थनेत कमी पडते असे तिला ऐकवले जाई. मार्कच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात शिष्य काम करून परत येतात, लोकांच्या येण्याजाण्यामुळे त्यांना जेवायलाही सवड मिळत नाही, तेव्हा येशू त्यांना एकांत ठिकाणी येऊन थोडा विसावा घ्या असे सांगतो. नंतर गर्दी तेथेही पोहोचते आणि त्याला त्यांचा कळवळा येतो, पाच हजारांचे जेवण होते, हे पुढचे आपण सर्व जण शिकवतो. विसाव्याचे वचन मात्र शिकवत नाही. रमाबाईंना आठ वर्षांनंतर जे रितेपण जाणवले ते कामाच्या गर्दीत दुर्लक्ष करून पुढे ढकलले असते, तर पुढचे केडगाव उभे राहिले असते का, याचा मी अनेकदा विचार करते.

मोगरा_दौंड (धागाकर्ती)

सिस्टर, ही बाजू मला सुचली नव्हती आणि ती यायलाच हवी होती. रमाबाईंच्या आयुष्यातील शेवटचा मोठा उद्योग आठवला. हजारांहून अधिक मुली आणि स्त्रिया सांभाळत, छापखाना, विणकाम, अंध मुलींचे शिक्षण असा पसारा चालवत असताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासून सबंध बायबल सोप्या मराठीत उतरवले. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला ते स्वतः वाचता यावे हा हेतू होता, आणि मुक्तीतल्या स्त्रियांनीच ते आपल्या छापखान्यात छापले. 1921 मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. तरीही ते काम सुटले नाही, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले त्याआधी ते पुरे झाले. रोज शास्त्रापाशी बसणे आणि रोज माणसांपाशी असणे त्यांनी वेगळे मानलेच नव्हते.

आमच्या अभ्यासगटात पुढच्या आठवड्यात आम्ही याकोबाचा दुसरा अध्याय पहिल्या वचनापासून पुन्हा घेणार आहोत, आणि अभंग यांनी मांडलेला विवाहाचा प्रश्न त्याच बैठकीत ठेवणार आहोत. जुना_पाळक, पाळकांच्या बैठकीत काय ठरते ते येथे जरूर कळवावे.